अक्षयनीवि

आमच्याकडील कोणत्याहि सार्वजनिक सभागृहांत जाऊन बसावें आणि सभा सुरू होण्यापूर्वीं सहज मान वर करावी, तों छताच्या पंख्याच्या पात्यांवर कोणा कैलासवासी गृहस्थाचें नांव गरगर फिरत असलेलें दिसतें. पंखा चालू असेपर्यंत तें वाचतां येत नाहीं, आणि तो बंद पडला म्हणजे तें वाचण्याइतकें आपलें चित्त शांत राहत नाहीं. बाकांच्या पाठींवर, पाण्याच्या टांकीवर, स्मशानांतील निवाऱ्यावर, अशीं नांवें सर्वत्र आहेत. त्यांची थट्टा करणें सोपें आहे व ती मींहि पुष्कळदां केली आहे. परंतु वय पन्नाशीच्या पलीकडे गेलें म्हणजे थट्टेचा भर ओसरतो आणि निराळाच प्रश्न मनांत उभा राहतो. माणसानें दिलेलें दान त्याच्या मागें किती काळ जिवंत राहावें? आणि दाता निघून गेल्यावर तें जिवंत ठेवण्याची जबाबदारी कोणाच्या माथीं असते?

मी सातपुरास राहतों. आजूबाजूस कारखान्यांची वसाहत आहे. पाळी बदलण्याच्या वेळीं रस्ता माणसांनीं आणि वाहनांनीं फुलून जातो. येथून वायव्येस, गंगापूरच्या बाजूस, गोवर्धन नांवाचें गांव आहे. दक्षिणेच्या अंगास त्रिरश्मि डोंगर आहे, व त्याच्या पोटांत लोक ज्यांस पांडवलेणीं म्हणतात तीं लेणीं कोरलेलीं आहेत. पांडवांचा त्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं. बौद्ध भिक्षूंच्या वस्तीसाठीं खोदलेले ते विहार होत. गेलीं तीसएक वर्षें मी विद्यार्थ्यांना रोमचा इतिहास शिकवीत आलों आहें. इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्या आमच्या पिढीचा हा एक गमतीचा दोष आहे कीं, रोमच्या सात टेकड्यांचीं नांवें आम्हांस तोंडपाठ असतात, आणि रोज दिसणाऱ्या डोंगरावर काय लिहिलें आहे हें मात्र पन्नाशींत कळतें.

त्या डोंगरांतील दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा एक लेख आहे. हा काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. लेखांत बेचाळिसाव्या वर्षाचा वैशाख महिना सांगितला आहे. उषवदातानें लेणें तर दिलेंच. शिवाय संघासाठीं ३००० कार्षापणांची एक ठेव ठेविली व तिला नांव दिलें ‘अक्षयनीवि’. नीवि म्हणजे मुद्दल, कधींहि न सरणारें. ही रक्कम त्यानें राजाच्या भांडारांत ठेविली नाहीं, विहाराच्या पेटींतहि ठेविली नाहीं. गोवर्धनांतील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा दरशेंकडा एक या व्याजानें, आणि विणकरांच्याच दुसऱ्या एका श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा दरशेंकडा पाऊण या व्याजानें त्यानें गुंतविले. मुद्दल परत करावयाचें नाहीं. केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण मिळावेत, अशी योजना होती. वाचकांनीं गुणाकार करून पाहावा. दोन हजारांचें व्याज महिन्यास वीस, वर्षास दोनशें चाळीस. आणि वीस भिक्षूंना बारा बारा, म्हणजेहि दोनशें चाळीसच. हिशेब कवडीपर्यंत जुळतो. एवढें करून तो थांबला नाहीं. हा व्यवहार निगमसभेंत, म्हणजे नगराच्या सभेंत, वाचून दाखविला आणि रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविला, असेंहि त्यानें लिहवून ठेविलें आहे.

धर्मबुद्धीच्या भरांत माणसें हिशेब विसरतात, आणि हिशेबाच्या भरांत धर्मबुद्धि. या दोहोंची सांगड येथें पडलेली पाहून मला नेहमीं एका रोमन गृहस्थाची आठवण होते. ती ओढूनताणून आणलेली नव्हे. त्या काळीं हा सगळा प्रदेश रोमच्या व्यापाराशीं जोडलेला होता. पैठण आणि तेर येथील माल गाड्यांनीं भडोचच्या बंदरास जाई, इटलीची दारू आणि सोन्याचांदीचीं नाणीं तेथें उतरत, हें ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रीक प्रवासवृत्तांत लिहिलेलें आहे. हिंदुस्थान दरवर्षीं साम्राज्याचे पांच कोटि सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीनें आपल्या ग्रंथांत करून ठेविली आहे. हा थोरला प्लिनि इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या स्फोटांत मरण पावला. मला आठवतो तो त्याचा भाचा आणि दत्तकपुत्र, धाकटा प्लिनि. मामानें बाहेर जाणाऱ्या पैशाची चिंता केली. भाच्यानें दिलेल्या पैशाची.

धाकटा प्लिनि हा उत्तर इटलींतील कोमुम या गांवचा. व्यवसायानें वकील, वृत्तीनें साहित्यिक, आणि संपत्तीनें सुखी. एका मित्रानें त्यास पत्रानें विचारलें होतें कीं, गांवजेवणासाठीं मीं दिलेली रक्कम माझ्या पश्चात् सुरक्षित कशी राहावी? प्लिनीचें उत्तर अनुभवी माणसाचें आहे. रोख रक्कम नगरीच्या स्वाधीन करावी तर ती उधळली जाण्याची भीति. जमीन द्यावी तर सार्वजनिक जमिनीची जी हेळसांड होते ती तिची होणार. म्हणून त्यानें स्वतः काय केलें तें तो सांगतो. गांवच्या मुलांच्या पोषणासाठीं त्यानें पांच लक्ष सेस्टर्स देऊं केले होते. त्याऐवजीं त्याहून पुष्कळ अधिक किमतीची जमीन त्यानें नगरीच्या प्रतिनिधीच्या नांवें करून दिली, आणि वर्षास तीस हजार सेस्टर्स खंडानें तीच जमीन परत आपल्याकडे घेतली. त्यामुळें मुद्दल बुडण्याचें भय राहिलें नाहीं व उत्पन्न ठरलेलें मिळूं लागलें. जमिनीचें उत्पन्न खंडाहून बरेंच अधिक असल्यामुळें ती कसणारा धनी तिला सदैव मिळत राहील, असा त्याचा तर्क होता. या बोजामुळें आपल्या जमिनीची किंमत उतरली, हें तो मोकळेपणीं कबूल करतो.

याच प्लिनीनें आपल्या गांवांत शाळा निघावी म्हणून शिक्षकाच्या वेतनाचा तिसरा हिस्सा देऊं केला. सगळें वेतन देण्याची त्याची ऐपत होती. पण त्यानें दिलें नाहीं. जेथें शिक्षकांचें वेतन सार्वजनिक पैशांतून निघतें तेथें नेमणुकींत वशिला शिरतो, हें त्यानें पाहिलें होतें. आईबापांच्या पदरचे पैसे खर्च झाले म्हणजे ते शिक्षक पारखून घेतील, अशी त्याची अटकळ. एकोणीसशें वर्षांपूर्वींचें हें पत्र मी वर्गांत वाचून दाखवितों तेव्हां मागल्या बाकांवरून जें हंसूं येतें, त्यांत रोमच्या इतिहासाचा भाग थोडा असतो.

असो. गोवर्धनाचा उषवदात आणि कोमुमचा प्लिनि यांस परस्परांचें नांवहि ठाऊक नसेल. परंतु दोघांनीं एकच गोष्ट ओळखिली होती. मागून येणाऱ्यांच्या सद्बुद्धीवर भरंवसा ठेवून दान टिकत नाहीं. त्यांच्या आळसाची आणि लोभाचीहि तजवीज करून ठेवावी लागते. एकानें विणकरांच्या धंद्यावर भिस्त ठेविली, दुसऱ्यानें मातीवर. मग त्यांचें दान अक्षय झालें काय?

झालें नाहीं. रोमचा दिनार ऑगस्टसच्या काळीं जवळजवळ शुद्ध चांदीचा होता. तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर त्या साम्राज्याचीं चांदीचीं नाणीं केवळ नांवाचीं राहिलीं. ट्रेजन बादशहानें इटलींतील मुलांच्या पोषणासाठीं शेतकऱ्यांना कर्जें देऊन त्यांच्या व्याजाची व्यवस्था केली होती. वेलेया येथें सांपडलेल्या कांस्यपटावर तिचा तपशील आहे: व्याज शेंकडा पांच, मुलास महिना सोळा सेस्टर्स, मुलीस बारा. बादशाही सत्तेचें पाठबळ असूनहि तिसऱ्या शतकाच्या धामधुमींत ती योजना लोपली. मग एका वकिलाच्या तीस हजारांची काय कथा! त्याच्या देणग्यांची नोंद असलेल्या शिलालेखाचा तुटका तुकडा तेवढा मिलान येथें उरला आहे. आणि उषवदाताचे विणकर? त्यांचे माग केव्हां थांबले हें कोणी लिहून ठेविलें नाहीं. त्रिरश्मीच्या लेण्यांत आज चीवरासाठीं बारा कार्षापण मागणारा भिक्षु नाहीं, आणि ते देणारी श्रेणीहि नाहीं.

येथवर विचार करून माणूस थांबला तर त्याला ‘सर्व अनित्य आहे’ एवढेंच वाक्य हातीं लागतें, आणि तें डोंगर न चढतांहि मिळतें. परंतु त्याच डोंगरावर, तिसऱ्या लेण्यांत, दुसरे दोन लेख आहेत, व माझ्या मतें आपल्या प्रश्नाचें उत्तर तेथें आहे. नहपानाचा पराभव करून गौतमीपुत्र सातकर्णीनें हा प्रदेश जिंकला. आपल्या राजवटीच्या अठराव्या वर्षीं त्यानें गोवर्धनाच्या अमात्यास आज्ञा पाठविली: काखडी गांवांतील उषभदाताच्या उपभोगांत असलेलें दोनशें निवर्तनांचें शेत भिक्षूंना द्यावें. पुढें चोविसाव्या वर्षीं, राजा आणि राजमाता यांच्या नांवें, दुसरी आज्ञा निघाली. तिचा आशय असा: काखडीचें जें शेत आम्हीं पूर्वीं दिलें, तें शेत कसलें जात नाहीं, आणि तें गांवहि वसत नाहीं, म्हणून नगराच्या सीमेवरील आमच्या राजकीय शेतांतून शंभर निवर्तनें भिक्षूंना देत आहों.

राजशासनांच्या इतिहासांत इतकें साधें आणि इतकें थोर वाक्य मला फारसें आढळलेलें नाहीं. राजा म्हणतो, माझें दान फुकट गेलें आहे. राजे लोक असें लिहीत नाहींत. सभागृहांचे अध्यक्षहि लिहीत नाहींत. हें लिहिण्यापूर्वीं कोणीतरी काखडीस जाऊन यावें लागलें असेल, पडीक शेत पाहावें लागलें असेल, ओसाड घरें पाहावीं लागलीं असतील, आणि परत येऊन दरबारांत सांगावें लागलें असेल. प्लिनीला ज्या गोष्टीची भीति वाटत होती ती येथें घडली होती: दिलेली जमीन बेवारस पडली होती. पण तेवढ्यानें दान मेलें नाहीं. कोणीतरी जाऊन पाहिलें, म्हणून तें पुन्हां उभें राहिलें. क्षेत्र निम्में झालें, जागा बदलली. हेतु तोच राहिला.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. इ. स. १९०६ मध्यें नाशिकजवळ जोगलटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं, सगळीं नहपानाचीं. पैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपले ठसे पुन्हां उमटविले होते. शत्रूच्या मुखवट्यावर त्यानें स्वतःचीं चिन्हें ठोकलीं, आणि त्याच शत्रूच्या जांवयाचे लेख दहाव्या लेण्यांत जसेच्या तसे राहूं दिले. नाणें हें सत्तेचें; तें बदललें. दानलेख धर्माचा, त्याला हात लागला नाहीं. रोममध्यें दोन्ही तऱ्हा पाहावयास मिळतात. काराकाला बादशहानें सख्ख्या भावाचा, गेटाचा, खून करविला व बापाच्या विजयकमानीवरून त्याचें नांव खरडून टाकविलें. उलट हेड्रियननें आगीनें नष्ट झालेलें पँथिऑन मंदिर नव्यानें उभारून पुरें केलें, आणि त्याच्या कपाळपट्टीवर नांव कोरलें तें मूळच्या आग्रिप्पाचें. आज रोमला जाणारा प्रवासी तेंच नांव वाचतो. भारतांत गोवर्धनच्या आज्ञा आणि रोममध्यें पँथिऑन, दोन्ही साधारण एकाच युगांतलीं. आमच्या युगांत उद्यानाचें नांव बदलावयाचें असलें म्हणजे जुनी पाटी प्रथम काढली जाते. उद्यानांतल्या झाडांना पाणी घालण्याचा ठराव त्यामागून येतो, आणि पुष्कळदां येतहि नाहीं.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानें उपकारांवर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचें मुख्य प्रतिपादन असें कीं, उपकार म्हणजे दिलेली वस्तु नव्हे. वस्तु हरवते, मोडते, चोरीस जाते. देणाऱ्याच्या मनांतील हेतु हाच उपकार. मत उदात्त आहे. पण सेनेका प्रचंड श्रीमंत होता आणि प्रांतोप्रांतीं व्याजबट्टा करतो म्हणून त्याच्यावर आरोपहि झाला होता. कदाचित् म्हणूनच वस्तूपेक्षां हेतूस महत्त्व देणें त्याला सोयीचें वाटलें असेल. मला त्याचें म्हणणें अर्धें पटतें. हेतु हेंच मुख्य, हें खरें. पण दात्याच्या मृत्यूनंतर तो हेतु राहतो कोठें? दुसऱ्या कोणाच्या तरी मनांत त्यानें बिऱ्हाड केलें तरच तो राहतो. विणकर, जमीन, शिलालेख हीं सगळीं त्या बिऱ्हाडाचीं साधनें. उषवदाताच्या नंतर शतकाहून अधिक काळानें, आभीर राजा ईश्वरसेन याच्या वेळीं, विष्णुदत्ता नांवाच्या एका शक उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं याच गोवर्धनांतील श्रेणींकडे ठेवी ठेविल्या; त्यांत कुंभार होते, पाण्याचीं यंत्रें करणारे होते, तेली होते. तिला हें कोणी शिकविलें? आधींचा कोणीतरी व्यवहार नीट पार पडलेला तिच्या काळच्या लोकांनीं ऐकला-पाहिला असला पाहिजे.

आजच्या काळाकडे पाहिलें म्हणजे एक मोठा फरक दिसतो. आतां दानहि कायद्यानें येतें. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा निदान दोन टक्के भाग समाजकार्यास लावावा लागतो. आमच्यासारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या शाळांना त्याचा लाभ झालेला मीं पाहिला आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. फक्त एवढेंच वाटतें कीं, वर्ष संपतांना खर्च दाखविण्याची घाई असते, आणि दुसऱ्या वर्षीं काखडीस जाऊन येण्याची रीत नसते. रुग्णालयांत रोग्यास दोन केळीं देतांना चार जण हात लावतात आणि पांचवा मोबाईलवर छायाचित्र घेतो. तीं केळीं त्या रोग्यास खातां येतात किंवा नाहीं, हें विचारणारा सहावा माणूस हवा असतो.

दुसऱ्यांस नांवें ठेवून झालीं. आतां स्वतःची गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या महाविद्यालयांत होतों, तेथें जुन्या पारितोषिक-निधींचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली होती. तींत मीहि होतों. अकरा निधि होते. त्यांतला एक निवृत्त प्राथमिक शिक्षकानें आपल्या पत्नीच्या स्मरणार्थ १९६८ सालीं दिलेला, रुपये १००१ चा. त्याच्या व्याजांतून दरवर्षीं एका गरीब विद्यार्थिनीस एक लुगडें द्यावें, अशी त्याची अट होती. लुगडें साधें असलें तरी चालेल, परंतु नवें असावें, असें त्यानें पत्रांत मुद्दाम लिहिलें होतें. त्या काळीं तें व्याज लुगड्यास पुरत असे. आतां वर्षाचे साठसत्तर रुपये येत. त्यांत रुमालहि धड येत नाहीं. समितीनें अकराहि निधि एका सामान्य साहाय्यनिधींत विलीन करावेत असें सुचविलें. हिशेब सोपा झाला. मीं सही केली. त्या दुपारीं चहा चांगला होता, एवढें मला आठवतें.

उषवदाताचीं चीवरें आणि त्या शिक्षकाचें लुगडें यांचें साम्य माझ्या ध्यानांत आलें तें फार उशीरा, लेण्यांत उभा असतांना. आणि तेव्हांपासून मी स्वतःला विचारीत आहें कीं, आम्हीं नेमकें काय चुकलों?

विलीन केलें हें चुकलें, असें मी म्हणत नाहीं. मेलेल्यांच्या प्रत्येक इच्छेनें जिवंतांनीं बांधून घेतलें तर जिवंतांस उभें राहावयास जागा उरणार नाहीं. एक हजार रुपयांचें अक्षयत्व चलनाच्या घसरणीपुढें टिकणार नव्हतेंच. दिनार जेथें टिकला नाहीं तेथें आमचा रुपया काय टिकणार! गौतमीपुत्रानेंहि शेत बदललें, क्षेत्र घटविलें. वारसास रूप बदलण्याचा अधिकार आहे, कधीं कधीं तें त्याचें कर्तव्यच असतें. पण त्या अधिकाराबरोबर दोन ऋणें येतात. पहिलें, जाऊन पाहण्याचें: दानाचें मूळ पत्र काढून वाचावें, दात्याला काय हवें होतें तें समजून घ्यावें. आमच्यापैकीं कोणीहि तें पत्र त्या दिवशीं वाचलें नव्हतें. मीं तें वाचलें पुढें, दुसऱ्याच कामासाठीं धारिका चाळतांना. दुसरें ऋण, सांगण्याचें: जें बदललें तें चारचौघांत, कारणासहित, नांव घेऊन सांगावें. उषवदाताचा व्यवहार निगमसभेंत वाचला गेला होता. गौतमीपुत्राची कबुली पाषाणावर आहे. आमचा ठराव मात्र एका कागदाच्या मागल्या बाजूस आहे, आणि त्यांत अकरापैकीं एकहि नांव नाहीं. नांवें गाळल्याचें दुःख दात्याच्या कीर्तीसाठीं नव्हे. नांवाबरोबर त्यानें दिलेल्या वस्तूचें स्मरण गेलें. आणि कोण्या मुलीला परीक्षेस जातांना नवें लुगडें लागत असेल, ही जाणीवहि त्यासवें गेली.

गेल्या वर्षीं मीं तीं अकरा नांवें व त्यांचे अकरा हेतु एका वहींत उतरवून घेतले. प्रत्येक वर्षीं साहाय्यनिधींतून मदत देतांना तीं सभेंत वाचावींत, आणि ज्या हेतूस पैसे पुरत नसतील तें तेथेंच उघड सांगून कोणी भर घालतो कां तें विचारावें, अशी लेखी विनंति त्या महाविद्यालयास केली आहे. निर्णय अजून व्हावयाचा आहे. होईल किंवा नाहीं, सांगवत नाहीं. पण शेत पडीक आहे एवढें लिहिण्यासाठीं राजाच असावें लागतें, असें नाहीं. त्याकरितां डोंगर उतरून काखडीपर्यंत चालत जाण्याची तयारी मात्र लागते.